दर महिन्याला लिहीत असे

मंगळवार, ३ फेब्रुवारी

खारू,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत नसेल. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. चोवीस वर्षांनी लिहिते आहे ती भांडायला.

पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिच्यावर ओरडू नकोस, तेरा वर्षांची पोर आहे. डिसेंबरात तिचं पत्र आलं, चार पानं, निळ्या शाईत, सगळं स्पॅनिशमध्ये. तोपर्यंत तू जिवंत आहेस की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. आबा असते तर त्यांनी ते पाकीट डाव्या हाताने उलटंपालटं करून पाहिलं असतं. पण आबा गेले. गेल्या मार्चमध्ये. हे तुला असं दोन ओळींच्या मध्ये कळतंय, त्याला माझा इलाज नाही.

मी म्हटलं, ग्रंथालयात स्पॅनिश शिकवणारे मास्तर आहेत, त्यांच्याकडून वाचून घेऊ. तर आई उसळलीच. "घरातलं पत्र परक्याने वाचायचं नाही. तेहतीस वर्षं टपालात काढली, दुसऱ्याचं पाकीट कधी फोडलं नाही की वाचलं नाही. आपण शिकू आणि आपणच वाचू." वय वर्षं एकाहत्तर! मला वाटलं थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी दोन वह्या घेऊन आली.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता आम्ही दोघी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. मला ती खोली नवी नाही. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं शिवायचं काम अजून माझ्याकडेच आहे. ते मी घरीच करते. टेबल तेच, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. त्याचा तू मोडलेला पायही तसाच, खाली लाकडाचा तुकडा घालून. वर्गात आम्ही पाच जण. मास्तरांनी मालवाहू बोटींवर तीस वर्षं स्वयंपाक केला, त्यामुळे व्याकरणही ते भाजी चिरल्यासारखंच शिकवतात.

आज भूतकाळ होता. "जे एकदा घडलं आणि संपलं, ते पुढे बघू," मास्तर म्हणाले. "आज जे पुन्हा पुन्हा घडत असे ते. रोज उठत असे, दर रविवारी भेटत असे. क्रियापदाचं शेपूट गाजराच्या देठासारखं छाटायचं आणि त्या जागी आबा चिकटवायचा." एस्पेरार म्हणजे वाट पाहणे, वाट पाहत असे, एस्पेराबा. दुसऱ्या जातीच्या क्रियापदांना ईया. एस्क्रिबीर, लिहिणे, एस्क्रिबीया, लिहीत असे.

आई म्हणाली, "एक आबा सांभाळण्यात जन्म गेला, आता प्रत्येक क्रियापदामागे एकेक आबा!" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी आले आणि तुझ्या लेकीचं पत्र काढलं. तिसऱ्या पानावरची एक ओळ दोन महिने मला अडवून बसली होती. क्रियापद ओळखीचं, शेपूट अनोळखी. आज ते शेपूट ओळखीचं झालं. पापा लेस एस्क्रिबीया तोदोस लोस मेसेस. नादिए कोन्तेस्ताबा. मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं: बाबा तुम्हाला दर महिन्याला लिहीत असत. कुणी उत्तर देत नसे.

आई उठली. दोरीवरचे कपडे वाळले का बघायला गेली.

लाज नाही वाटली रे, स्वतःच्या पोरीला असं सांगायला? दर महिन्याला! चोवीस वर्षांत एक कार्ड नाही. आबांनी काय सांगितलं होतं तुला? "बोटीवर जायचं तर जा. पण पुन्हा या उंबऱ्याच्या आत यायचं, तर विचारून यायचं." रागाच्या भरातलं बोलणं होतं ते. आठ दिवसांनी त्यांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मग तेवीस वर्षं ते दाराकडे तोंड करून बसत. तुला फक्त विचारायचं होतं. तेवढंही विचारलं नाहीस.

मी वाट पाहत होते असं समजू नकोस. पोस्टमन आपल्या गल्लीत पावणेअकराला येतो, एवढंच मला माहीत आहे.

पुन्हा लिहू नकोस. लिहिलंस तर न फोडता परत पाठवीन. पोरीला मात्र खरं काय ते सांग.

ताई

*

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

खारू,

मंगळवारचं पत्र फोडू नकोस. फोडलं असशील तर विसर. विसरता येणार नाही, मला ठाऊक आहे, पण आत्ता मला नीट लिहिता येत नाहीये. दोनदा शाई सांडली.

घडलं तसं सांगते.

मास्तरांनी घरचा अभ्यास दिला होता: आपण पूर्वी करत असू त्या कामाबद्दल दहा वाक्यं. "दहाही खरी लिहा," म्हणाले. "खोटं बोलण्याइतकं व्याकरण अजून तुमच्याकडे नाही." आमच्या वर्गात एक पद्धत आहे. वही थेट मास्तरांकडे जात नाही. आधी शेजाऱ्याने लाल पेन्सिलीने तपासायची, गुण द्यायचे, मग ते बघणार. आईची वही नेहमी औषधाच्या दुकानवाल्या काकांकडे जाते, माझी बसच्या ड्रायव्हरकडे. आज काका पलीकडच्या बाकावर बसले होते. आईने वही माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

मी तपासायला लागले. मी टपाल कचेरीत काम करत असे. बरोबर. मी आपल्या भागातली पत्रं वेगळी करत असे. बरोबर. माझा मुलगा दर महिन्याला लिहीत असे. बरोबरची खूण केली, खारू. लाल पेन्सिलीने, ठसठशीत. माझ्या डोक्यात शेपटंच होती, आबा आहे की ईया आहे. माझी मुलगी वाट पाहत असे. बरोबर. पत्र मुलीच्या नावाचं असे. बरोबर नाही, इथे तिने 'असणे' चुकवलं होतं, ते सुधारलं. मी ते पिशवीत टाकत नसे. मी ते फोडत नसे. मी ते लपवत असे.

एस्कोंदीया. त्यातल्या ई-वरची तिरकी रेघ राहिली होती. ती मी दिली. आणि रेघ देऊन पेन्सिल उचलली तेव्हा अर्थ लागला.

पुढची दोन वाक्यं: माझी मुलगी विचारत असे. मी खोटं बोलत असे.

स्वतःबद्दलच्या प्रत्येक वाक्याच्या आधी तिने 'यो' लिहिलं होतं. यो म्हणजे मी. मास्तर सांगतात, क्रियापद मी-ला आणि तो-ला सारखंच दिसतं, कोण ते कळावं म्हणून पुढे लिहावं. आईने कुठे शंकेला जागाच ठेवली नव्हती. मी, मी, मी.

"झालं का तपासून?" मास्तरांनी विचारलं. "किती देताय मातोश्रींना?"

मी म्हटलं, "दहापैकी नऊ."

माझा आवाज कुठून आला, मला माहीत नाही.

रस्त्यात मी भरभर चालत सुटले. आई माझ्या मागे दोन पावलं. बेकरीच्या कोपऱ्यावर म्हणाली, "जरा हळू चाल. माझा गुडघा."

मी थांबले. "किती?" मी विचारलं.

"एकशे सव्वीस. साडेदहा वर्षं. मग थांबली आपोआप. सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले."

"का, आई?"

"तो तुला बोलावत होता. दुसरं काय असणार? तू जायला निघाली असतीस. तुम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांची शेपटं. मी दिवसभर नोकरीवर. यांचं अर्धं अंग गेलेलं. तू गेली असतीस तर यांना कुणी उठवलं असतं, कुणी बसवलं असतं?"

लोक जात-येत होते. एका बाईने पावाची पिशवी आमच्या मधून नेली.

"मग हे मला आपल्या भाषेत सांगता येत नव्हतं?"

"नाही," आई म्हणाली. "आपल्या भाषेत तू पहिल्याच वाक्याला ओरडली असतीस. तिकडे तुला दहापर्यंत जावं लागलं."

मी ओरडलेच नाही. अजूनही ओरडलेली नाही. आई आत कणीक मळते आहे, माझ्यासमोर तू पाय मोडलेलं टेबल आहे, आणि मी तुला बुधवारी पेटीत टाकलेलं ते पत्र आठवते आहे, शब्दन् शब्द. तुला फक्त विचारायचं होतं, असं मी लिहिलं.

ताई

*

शनिवार, ७ फेब्रुवारी

खारू,

परदेशची पिशवी आज दोनला बंद होते. आत्ता बारा वाजायला आले आहेत. भरभर लिहिते.

सकाळी मी आईला विचारलं, "ती पत्रं कुठे आहेत? जाळलीस?"

"टपाल जाळत नाहीत," ती म्हणाली. जणू मीच काही वावगं बोलले. मग आतल्या खोलीत गेली आणि आबांची पाठीची उशी घेऊन आली.

ती उशी तू पाहिलेली नाहीस. आबा आजारी पडले त्या वर्षी आईनेच शिवली, जाड राखाडी कापडाची, कडक. आबांना टेकून बसायला. सकाळी सात वाजता मी ती त्यांच्या पाठीमागे लावत असे, दाराच्या दिशेने वळवून, कारण त्यांना दार दिसायला हवं असे. दुपारी काढत असे. चारला पुन्हा लावत असे. थोपटून सारखी करत असे. ती कुरकुर वाजे. मी म्हणे, "आई, हिच्यातला काथ्या जुना झाला, बदलू या." आई म्हणे, "राहू दे, त्यांना सवय झाली आहे." दर महिन्याला आई तिची एक बाजू उसवून पुन्हा शिवत बसे. मला वाटे, किती काळजी घेते.

बघ, मास्तरांचा धडा मला किती पक्का झालाय. सगळं 'असे, असे' मध्येच येतंय.

टेबलावर ठेवून मी माझ्या बाइंडिंगच्या सुरीने शिवण कापली. एकशे सव्वीस. सगळी माझ्या नावाची, तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात. तिकिटावरची जहाजं, पक्षी, कुठल्या कुठल्या राण्या. एकही फोडलेलं नाही. कडा आबांच्या पाठीच्या आकाराने वाकलेल्या.

तारखा लावल्या. पहिलं उघडलं. आई समोरच्या खुर्चीवर बसून होती.

"बोलावलंय ना तुला?" ती म्हणाली.

मी आधी मनात वाचलं. मग मला वाटलं, हे तिला सांगू नये. खरंच वाटलं, खारू. एवढी एक गोष्ट आपल्यापाशी ठेवावी आणि म्हाताऱ्या बाईला सोडून द्यावं. एका क्षणापुरतं मला कळलं, माणूस पत्र उशीत कसं शिवतो ते. मग मी मोठ्याने वाचलं.

"ताई, आबांचं कळलं. आपल्या गल्लीतला एक खलाशी बंदरात भेटला. माझ्यामुळे झालं. मला परत यायचंय. आबा म्हणाले होते विचारून ये, म्हणून विचारतो. त्यांना विचार आणि मला कळव. लांबलचक नको, नुसतं 'ये' लिही. बोटीवरून उतरून मिळेल ते काम करीन, आबांना मी उठवत-बसवत जाईन, तू मोकळी होशील."

आई म्हणाली, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग दुसरं उघडलं. त्यातही तेच. दहावं उघडलं. त्यात थोडी हवापाण्याची चौकशी, आणि तेच. तुझं लग्न ठरलं त्या पत्रात लिहिलंयस, लग्नाआधी विचारून घेतो, अजून ये म्हणालीस तर येतो.

"म्हणजे तो तुला नेत नव्हता," आई म्हणाली.

"नाही."

"तोच येत होता."

"हो, आई."

"फोडलं असतं तर कळलं असतं."

मी पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं.

"दुसऱ्याचं पाकीट फोडत नाहीत," आई म्हणाली. शाळेत धडा म्हणतात तशी म्हणाली, समोर बघून. मग चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, पुन्हा काढला. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उशीच्या रिकाम्या खोळीत हात घालून चाचपत होती, अजून काही राहिलंय का.

तेव्हा मला तुझं पत्र आठवलं, म्हणजे मी तुला लिहिलेलं, ते विषारी. परदेशची पिशवी आठवड्यातून एकदाच जाते, हे मी टपालातल्या बाईची मुलगी म्हणून जाणून आहे. म्हणजे ते अजून कचेरीतच असणार. आणि मी आईला काय म्हटलं, ऐक. मी म्हटलं, "तुला तिथे अजून सगळे ओळखतात. जा. ते पत्र शोध आणि घेऊन ये."

साडेदहा वर्षं जिने माझी पत्रं अडवली, तिलाच मी म्हटलं, आणखी एक अडव.

ती उठली. चप्पल घातली आणि गेली. गुडघ्याचं नावही काढलं नाही.

सव्वाअकराला परत आली. हात रिकामे.

"नाही सापडलं?"

"सापडलं. परदेशच्या खणात तिसरं होतं. नवीन हेडक्लार्क म्हणाला, 'मावशी, बसा, जुन्या स्टुलावर बसा.' मी बसले. हातात घेतलं."

"मग?"

"पिशवीत टाकलं."

कालपासून ज्या धक्क्यांची मोजदाद मी ठेवली होती, त्यात हा बसेचना. "आई, त्यात मी त्याला काय काय लिहिलंय माहीत आहे का? लिहू नकोस म्हटलंय. न फोडता परत पाठवीन म्हटलंय."

"असेल," ती म्हणाली. "वाईट असेल. पण तू लिहिलेलं आहे आणि त्याच्या नावाचं आहे. माझ्या हाताने आता एकही थांबणार नाही. ओरड मला काय ओरडायचं ते. आणि आता जे खरं आहे तेही लिही, दोनच्या आत. मी स्वतः नेऊन टाकते. एकाच पिशवीतून जातील."

मग मी ओरडले. खूप ओरडले, खारू. उशीची खोळ भिंतीवर फेकली. शेजारची बाई दारात येऊन गेली. आई उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "पावणेबारा झाले. लिहायला बस."

तर हे असं आहे. तुला तीन पत्रं एकदम मिळतील. मंगळवारचं पांढऱ्या पाकिटात आहे. ते शेवटी वाच, किंवा वाचू नकोस, किंवा वाच आणि मला शिव्या घाल. शुक्रवारचं आणि हे मी एकाच जाड पाकिटात घालते आहे आणि वर मोठ्या अक्षरात लिहिते आहे: हे आधी.

'ये' हा शब्द मी अजून लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू चोवीस वर्षांपूर्वी ज्या घराला विचारलंस त्यात आबा होते. आता कुणी कुणाला विचारायचं, तेच मला कळत नाहीये. आई चप्पल घालून दारात उभी आहे.

ताई

*

मंगळवार, १० फेब्रुवारी

खारू,

आज वर्गाला गेलो. दोघीही. न जाता घरी बसून एकमेकींकडे बघण्यापेक्षा ते बरं.

औषधवाले काका पुन्हा आईच्या शेजारी होते. मी त्यांना विचारलं, शुक्रवारी तुम्ही पलीकडे का बसलात? ते म्हणाले, "तुमच्या आईच म्हणाल्या, आज माझी वही माझी मुलगी तपासेल. मी म्हटलं, घरचा मास्तर बरा." म्हणजे तिने ठरवूनच केलं. मंगळवारी दोरीवरचे कपडे बघायला गेली तेव्हाच ठरवलं असणार.

मी तिला माफ केलेलं नाही. हे तुला सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल इकडे गळाभेटी चालल्या आहेत. पोळ्या तीच करते, मी खाते, आणि आम्ही फारसं बोलत नाही. तिच्या हातांकडे मी तासभर बघत राहते कधी कधी. तेच हात. पत्रं फोडायची नाहीत एवढा एक नियम त्यांनी पाळला, आणि तोच मोडायला हवा होता.

वर्ग सुटताना तिने मास्तरांना विचारलं, "एखाद्याला 'ये' म्हणायचं तर काय म्हणतात?"

"तो धडा बराच पुढे आहे, मातोश्री. आज्ञा, विनंती वगैरे."

"मला तेवढा थांबायला वेळ नाही."

मास्तर हसले आणि फळ्यावर लिहिलं: बेन. एवढंच. तीन अक्षरं स्पॅनिशमध्ये. आईने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ते तुझ्या लेकीसाठी.

घरी आल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. मी एका शब्दकोशाचा कणा शिवत होते. म्हणाली, "पत्रं तुझ्या नावाची आहेत. उत्तर देण्याचा हक्क तुझा. पण अडवली मी. मी लिहू का?"

चोवीस वर्षांत, किंबहुना जन्मात पहिल्यांदा, आईने मला 'करू का?' असं विचारलं.

मी दाभण बाजूला ठेवलं. दाराकडे बघितलं, आबा बघत असत तसं. तेवीस वर्षं ते तिकडे तोंड करून बसले होते आणि मी त्यांना कधी विचारलं नाही, कुणासाठी. विचारायची गरजच नव्हती. म्हणून आबांच्या वतीने मीच म्हटलं, "लिही."

तिने टपालातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणून ठेवला आहे. मोजून एकशे सव्वीस. एकेका पत्राला एकेक उत्तर, उशिराने का होईना, असं म्हणते. टपालाचा हिशेब असा अर्धा ठेवायचा नसतो म्हणे. प्रत्येकावर एकच शब्द. पहिलं आजच लिहिलं, मला दाखवलं, स्वतः पेटीत टाकून आली, आणि पेटीत पडल्याचा आवाज ऐकून मगच वळली, हे मी खिडकीतून पाहिलं. उद्या दुसरं टाकणार. रोज एक.

एकशे पंचवीस उरली आहेत. तिचा गुडघा दुखतो, पेटी कोपऱ्यावर आहे.

तू लवकर निघालास तर तिच्या तेवढ्या फेऱ्या वाचतील.

ताई